हं

दुपारी तीनला नंदनवनात फक्त कुलर बोलतात.
आमच्या कुलरचा पंप मधूनच कोरडा ओरडतो,
मग उठून पाइप लावायचा
आणि टाकी भरेपर्यंत तिथंच उभं राहायचं.

मी उभी होते, फोन घेऊन.
पाणी वरून वाहून गेलं, चपलेत शिरलं,
तेव्हा कुठं मान वर केली.

त्याच वेळात कधीतरी शाल्मली आली असणार.
काहीतरी म्हणाली असणार.
मी "हं" म्हटलं असणार.

माझे हं पुष्कळ आहेत.
बाह्यांचे, गळ्यांचे फोटो पाठवून
"ताई, असं जमेल का" विचारणाऱ्या बायांसाठी एक,
चंद्रपूरला रात्रपाळीला निघताना
"जेवल्या का दोघी?" विचारणाऱ्या ह्याला एक,
आणि एक असा, जो मी म्हणतच नाही,
तो आपोआप पडत राहतो
नीट न फिरवलेल्या नळासारखा.

पाच वाजता घरच्या ग्रुपवर फोटो आला.
एक उघडं तोंड, खालच्या ओळीत खिडकी,
खिडकीत थोडं लाल.
मी बदाम टाकला.
लिहिलं, "अगं बाई, कोणाचं गं हे पिल्लू?"

बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.
मग खालच्या मजल्यावरून जाऊबाईंचं आलं:
"तुमचंच."

ती जिन्यात बसून
जिभेनं खिडकी उघडत-लावत होती.
"मी सांगतलं होतं नं तुले.
तू मोबाईल पाहून राहिली होती.
तू हं म्हटलं."
तक्रार नव्हती. आज ऊन किती, तसं सांगितलं.
"दात?"
"काकूनं फेकला शेडवर. उंदराले."

माझी आई शिलाई मशीनवर वाकलेली असायची.
मी तिच्या पाठीलाच सगळं सांगितलं,
नापास झालेलं गणितसुद्धा.
तिच्या पाठीला कोणी नावं ठेवली नाहीत.
पण मशीन थांबली की कळायचं,
आता ऐकते आहे.
फोनला थांबल्याचा आवाजच नसतो.

आणि खरं सांगू?
दिवसभरात तेवढीच एक जागा आहे
जिथं मला कोणी पाणी मागत नाही.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या. फरशी अजून तव्यासारखी.
सगळे निजल्यावर कठड्यावरून वाकून
फोनच्या उजेडात मी शेडचे पत्रे पाहिले, एकेक पन्हळ.
बाटलीचं झाकण. पतंगाची कामटी.
शेवग्याची वाळकी शेंग.
दाताएवढं पांढरं पुष्कळ होतं.

"नेला असंल त्यानं," मागून आवाज.
जागीच होती.
मी वळले, उजेड तिच्या चेहऱ्यावर धरला.
"दाखव."
तिनं डोळे मिटले. तोंडही.
"बंद कर ते. हातानं पाह्य."

अंधारात बोट आत नेलं.
मऊ, ओलं, आणि मधोमध
काहीतरी टोकदार, येऊ घातलेलं.
तिनं हळूच चावलं.

"लागलं का?"

लागलं.