वयख

टेंभराच्या झाडावरून पडला त्या दिवशी
डोक्श्याच्या मागं फक्त एक टेंगूय होतं.
रक्तही नाई.
उठला, सांडलेली टेंभरं येचली,
अन् मले म्हणे, "तुम्ही कोनाच्या घरच्या वं बाई?"
मले वाटलं मस्करी.

नागपूरले, मेडिकलात,
डाक्तरीन बाईनं पत्त्यावानी चित्रं मांडली.
चावी. चावी म्हणे.
कोहयं. कोहयं म्हणे.
सायकल. "मागच्या चाकात हवा कमी हाये."
डाक्तरीन हसली.
मंग माह्या पिशवीतला आमच्या लग्नाचा फोटो.
"मानसं हायेत. दोन डोये, नाक.
बाजूची बाई हाये, नव्या साडीची."
किती येळ पाह्यत बसला बिचारा.
उलटा करून पाह्यला,
मागं काही लिवलं हाये काय म्हणून.

बाई म्हणे, कानाच्या मागं, जरासक खाली,
डोक्श्यात एक जागा असते, बोटाच्या पेराएवढी.
तोंडं तिथं वयखू येतात.
मले तलाठ्याचं कपाट आठवलं.
एकच बस्ता पान्यात भिजला,
बाकीचे सारे कोरडे.

घरी आला, दुसऱ्या दिवशी गावाची ढोरं सोडली.
सत्तावीस ढोरं.
भुरकी, मोरी, दसरूची एका शिंगाची, तिची वासरी,
एकीचंही तोंड चुकला नाई.
मले म्हशीचा हेवा वाटला,
खोटं कायले सांगू.

प्रफुलले तो गाडीच्या फाटक्या सायलेन्सरवरून वयखते.
शेजाऱ्याले बिडीवरून.
न्हाव्याच्या दुकानात आरशातल्या बुढ्याले
"बसा ना भाऊ" म्हणे, अन् सोता उभाच रायला.
हे सारं गाव हसत सांगते.
मीही हसतो म्हणा, त्याच्यासंगं नाई.

सोमवारच्या बजारात
निरूपानं दिलेली नवी साडी नेसून गेलो होतो, पायात नव्या चपला.
तो बकऱ्याईकडे गेला, मी लाखोरीच्या पोत्यापाशी बसलो.
आला तो तरातरा, माह्यासमोरच उभा.
"मावशी, माही बायको दिसली काय?"
सक्रूबाई माप हातात धरून माह्याकडे पाहे.
मी डोयानं म्हटलं, गप.
"दिसते कशी?" तिनं इचारलं.

लय येळ उभा रायला.
"दिसते कशी ते नाई सांगता येत.
चालतानी टप् वाजते, मंग घसट.
मिरच्या खुडल्या का हात पदराले नाई, केसाले पुसते,
अन् मंग डोये चोयत बसते.
भाव करतानी एकच रुपया कमी सांगते,
तेवढ्यातही लाजते.
हसाच्या आधी नाकातून वारा सोडते.
मनगटावर गोंदलेलं हाये. इंचू काढाले सांगतला होता,
झिंगा झाला."

मी मनगट पदराखाली घेतलं.
बत्तीस वर्सं याले माहं तोंड पाठ होतं.
बत्तीस वर्सांत यातलं एक,
एकही,
कधी बोलला नाई.

वरून उन्ह. लाखोरीवर माश्या.
"नाई सापडली तर इथंच बसतो," म्हणे,
"येईनच ते."
अन् बसला, माह्या बाजूले, पोत्याले टेकून.
मी बोललो असतो तर तिथंच सरलं असतं.
नाई बोललो.
अजून काही सांगीन म्हणून.
"अन् झोपीत," तो सक्रूबाईले सांगाले लागला,
"झोपीत ते कोंबड्याईले शिव्या देते."

हसू दाबलं मी, पदर तोंडात धरला.
पन नाकानं आयकलं नाई.

त्यानं मान फिरवली.
तोंडाकडे नाई पाह्यलं,
जरासक बाजूले, कानाजवळ कुठंतरी पाहत म्हणे,
"सुकट घेतली काय वं?"