जेमतेम दोन टिकल्या

टायर विमानातून आले, डायपरच्या खोक्यांवर आडवे पडून.
डर्कने ते धावपट्टीवरून माझ्याकडे घरंगळत सोडले.
"ओलिंका, हे सायकलचे की ट्रॅक्टरचे?"
पाच इंच, मी म्हटलं.
कागदावर पाच, अंगावर थोडे जास्तच.

वासिली, माझा धाकटा भाऊ, म्हणत होता साडेचार पुरे.
सगळ्याच बाबतीत साडेचारचा माणूस तो.
चहा पाऊण कप, बिंगो फक्त बुधवारी,
आणि रस्ता आखून दिलेला असेल तरच नदीवर.
"अंथरूण पाहून पाय पसरावेत," म्हणाला,
आणि माझी सायकल उलटी करून
चुलीशेजारी उभी केली, चारी पाय वर केलेल्या हरणासारखी.

मापाचा चिमटा सापडेना. बिंगोच्या टिकल्या घेतल्या.
मागच्या दोन नळ्यांमध्ये,
जिथे फ्रेमचा गळा सगळ्यात अरुंद होतो,
तो एकेक टिकली सरकवत गेला.
डावीकडे चार.
उजवीकडे जेमतेम दोन, दुसरी ढकलून.
"बसतं," मी म्हटलं.
"बसतं. पण बसणं वेगळं, फिरणं वेगळं."
आणि रबर रात्रभर अंग सैलावतं
हे त्याने सकाळपर्यंत पोटात ठेवलं.

सकाळी उजवीकडे एकच टिकली.

मग तो आऱ्या पिळत बसला, एक घट्ट, एक सैल,
कान लावून, जणू चाक काही कबूल करणार होतं.
दुपारी दोन्हीकडे अडीच-अडीच.
अर्धी टिकली कशी मोजली, ते त्यालाच विचारा.

रुंदच का हवं?
तेवीस वर्षं मी बेथेलच्या शाळेत रांधलं.
शेवटच्या पातेल्यातलं सूप एकशे दहा वाडग्यांत
असं वाढायचं की कुठलाच वाडगा जड होऊ नये.
भुसभुशीत बर्फावर माणसाचं वजनही तसंच वाढावं लागतं.
गेल्या मार्चात चार इंचांवर निघाले
आणि अडीच मैल मीच सायकलला फिरवून आणलं.
माझं जाळं कुस्कोक्विमच्या पलीकडच्या काठाशी आहे,
बर्फाखाली, विलोच्या दोन फांद्या खुणेला.
तिथे आखलेला रस्ता जात नाही.

उणे बावीस. हवा इतकी कमी
की अंगठा टायरमध्ये कणकेत जावा तसा जात होता.
अर्ध्या नदीपर्यंत मी तरंगतच गेले.
खाली करकर नाही, नुसती धाप, माझी.
एका कोल्ह्याची पावलंसुद्धा माझ्या चाकापेक्षा खोल होती.
(हे मी वासिलीला तीनदा सांगितलं.)

मग बर्फावर चढून आलेलं पाणी लागलं.
ओला चिखलबर्फ त्या अडीच टिकल्यांत शिरला,
तिथेच गोठला,
आणि चाक म्हणालं: खर्र.
किल्लीने खरवडलं. शंभर पावलं. खर्र.
नखाने खरवडलं. खर्र.
जाळ्यापर्यंत अकरा वेळा,
परतताना मोजणं सोडलं.
पाच मासे पाठीवर, आणि पाच इंचांचं ओझं हातात.

वासिली दारातच उभा होता. काही बोलला नाही.
त्याचं न बोलणंही साडेचार इंचांचं, बरोबर बसणारं.

मीही बोलले नाही.
टेबलावर वर्तमानपत्र पसरलं,
चाक मांडीत घेतलं, आणि उलुआक काढली,
आईची, अर्ध्या चंद्राच्या पात्याची,
जिने या घरात फक्त मासे पाहिलेत.
टायरच्या कडेचे उंचवटे एकेक करून सोलले.
खवले काढतात तसे, शेपटीकडून डोक्याकडे.
मधल्या रांगांना हात लावला नाही.
"अगं, नवे कोरे!" वासिली म्हणाला,
पण दुसऱ्या बाजूचं चाक धरायला बसला.
अगाफिया, त्याची नात, काळे तुकडे गोळा करत होती.
दोनशे सोळापर्यंत मोजून झोपली.

टिकल्या पुन्हा सरकवल्या.
डावीकडे चार. उजवीकडे चार, आणि पाचवी अडकत-अडकत.

उलुआक दोनदा धुतली, राखेने एकदा.
तरी त्या रात्रीच्या माशाला रबराचा वास होता.
वासिलीने दुसऱ्यांदा वाढून घेतला.