आवश्यक ते सहकार्य

पत्र आलं रात्री दोन चाळीसला.
पत्रासोबत सहा माणसं, दोन गाड्या,
काचांवर दिल्लीची धूळ –
दिल्लीची कसली, आपलीच, नरसी फाट्यापासूनची.

पत्रात होतं: कृपया आवश्यक ते सहकार्य करावे.
कुठं, कुणाकडं, कशापायी, ते नव्हतं.
त्यांच्यात बाई नव्हती एकही.
म्हणून डायरीत माझं नाव चढलं:
महिला हवालदार गंगामणी बोईनवाड,
बक्कल नंबर एक हजार एकशे बारा.

आधी फोन काढून घेतले.
चहाच्या ट्रेमध्ये आमचे चार फोन, पालथे घातलेले,
देगलूरच्या पोलिसांवर देगलूरचा भरवसा नाही
असं कुणी बोललं नाही. ट्रे बोलला.

गाडीत मी मागं. पुढं त्यांचा नकाशा
बाईच्या आवाजात हिंदी बोलत होता,
डावीकडं वळा म्हणाला.
मी म्हणलं, साहेब, तो पूल औंदा वाहून गेला.
कुणी वळून बघितलं नाही.
मग गाडी थांबली, पाण्याच्या अलीकडं,
आणि चौघांनी मिळून बघितलं.

तिथून पुढं रस्ता मीच सांगितला.
डावं. उजवं. म्हशीला जाऊ द्या. उजवं.
कळत होतं गल्ली कोणती येणार,
आणि पोटात काहीतरी आवळत होतं,
पट्टा असेल.

कागदावर नाव होतं साईनाथ लिंगन्ना.
त्याच्या खात्यात तीन राज्यांतल्या म्हाताऱ्यांचे पैसे
येऊन एका रात्रीत गेलेले.
पहिलं दार वाजवलं ते पाणी सोडणाऱ्या साईनाथचं.
त्याची बायको दिवस भरलेली.
झडती मीच घेतली.
माझे हात गार होते, ती शहारली,
तेलुगूत म्हणाली, अक्का, हळू.
कणगीत ज्वारी निघाली. ज्वारीखाली ज्वारीच.

साईनाथ उघडाच भिंतीला टेकलेला.
त्याला वाटलं टाकीचं काही झालं.
म्हणत होता, साहेब, व्हॉल्व्ह मी बंद करूनच आलो.

पत्रात नव्हतं की मी बोलावं.
पत्रात नव्हतं की गप बसावं.
मी म्हणलं,
साहेब, या गल्लीत साईनाथ लिंगन्ना तीन हायत.

तेव्हा त्या मोठ्या साहेबांनी
पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं, बक्कलकडं नाही.
कौन सा, म्हणाले.

एक हा. एक विड्यांच्या कारखान्यात, त्याला सहीसुद्धा येत नाही.
तिसऱ्याचं मोबाईलचं दुकान,
माझ्या पोरीचा फोन त्यानंच दुरुस्त केलेला, पैसे न घेता.
मी हात वर केला नाही.
नुसतं त्या दाराकडं बघितलं.
तेवढं पुरलं.

सिमकार्डं निघाली देव्हाऱ्यामागून, साखरेच्या पिशवीत.
पंच मीच उठवून आणले, दोघं, डोळे चोळत.
दुपारी कोर्टातून ट्रान्झिट रिमांड,
आणि चारला गाड्या गेल्या.
जाताना साहेबांनी हात जोडले. चांगला माणूस.
परत या म्हणायचं जिभेवर आलं, सवयीनं,
गिळलं.

पेपरात आलं: स्थानिक पोलिसांच्या सहकार्याने.
बाजारात भेंडीवाली वजन करते, पैसे घेते,
कोथिंबिरीची काडी वर टाकत नाही आता.
पाणी सोडणाऱ्याच्या बायकोला मुलगी झाली,
बारशाचं बोलावणं आलं. गेले नाही.

आणि दर मंगळवारी नरसव्वा येते ठाण्यात,
तिसऱ्या साईनाथची आई.
बाकावर बसत नाही, खाली बसते.
शिव्या देत नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
एवढंच विचारते,
त्याला ठेवलं तिथं जायला गाडी कुठून.

आज मी त्या पत्राची झेरॉक्स काढली,
पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, मोठ्या अक्षरात:
देगलूरहून एसटीनं नांदेड.
नांदेडहून सचखंड.
तिकीट आधी काढ, जनरलला उभं राहवणार नाही तुला.
स्वेटर घे.

जावक क्रमांक टाकला नाही.