वेदीमागची भिंत

लतीफ पेंटरला आम्ही मोंढ्यातून बोलावलं.
त्याचे गरुड ट्रकांच्या पाठीवर अख्ख्या जालन्यात फिरतात,
बियाण्यांच्या दुकानांवर त्याची मक्याची कणसं
खऱ्या कणसांपेक्षा भरलेली.

पाळकसाहेबांनी कागद लिहून दिला होता:
सिंह म्हणजे राज्य. बैल म्हणजे सेवा.
माणूस म्हणजे बुद्धी. गरुड म्हणजे जे काही वर आहे ते.
चौघांनाही पंख, आतून बाहेरून डोळेच डोळे.
खाली चाकात चाक, चाकाच्या धावेलाही डोळे.
आणि सगळ्यात वर, आढ्याला लागून, सराफीम.

लतीफनं कागद उलटा करून पाहिला,
मागे आणखी काही आहे का.
"सिस्टर, इत्ते आँखा? चाक कू बी?"

हो, म्हटलं, चाकालासुद्धा.
मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं रात्रपाळी केली मी,
मला त्याचं नवल नाही.
वॉर्डाकडे पाठ असली तरी
अकरा नंबरची सलाईन संपत आलेली
मला मानेमागून दिसायची.
त्या डोळ्यांचा पगार नव्हता.

सराफीमपाशी तो अडला.
दोन पंखांनी तोंड झाकायचं, दोन पंखांनी पाय,
उरलेल्या दोहोंनी उडायचं.
निळ्या बोटांवर त्यानं हिशेब केला.
सहातले चार नुसते झाकायला?
काय नुकसानीचा धंदा.
मी म्हटलं, लतीफभाई, सराफीम म्हणजे जळणारे.
तुमचा धाकटा सळयांच्या कारखान्यात आहे ना,
भट्टीचं तोंड उघडलं की तो काय करतो?

तो बोलला नाही.
कोपर उचलून चेहऱ्यासमोर धरलं, बस.
दुसऱ्या दिवशी सराफीम तसेच उतरले,
भट्टीवरची पोरं,
पंखाच्या कोपरात तोंड खुपसलेली.

सिंह थोडा बिडीच्या बंडलावरचा झाला.
चालतंय.
गरुडानं मागे 'हॉर्न द्या' लिहिलेलं नाही
एवढंच पाळकसाहेबांनी तपासलं.

माणसावरून मात्र मंडळीत दोन तट.
शीलवंत पाटोळे खजिनदार, त्यांनी वडिलांचा फोटो आणला,
रंगाचा खर्च त्यांचाच होता.
लतीफ म्हणाला, माणसाचं तोंड मी काढत नाही,
अब्बांना जबान दिलीय.
तीन दिवस भिंतीवर खांद्यांच्या वर नुसता चुना.
मुलं उपासनेत तिकडेच बघत राहिली.
शेवटी त्यानंच तोड काढली:
वरच्यांचे दोन पंख उसने घेतले
आणि माणसाच्या तोंडावर ओढले.
पाटोळे महिनाभर पहिल्या बाकावर बसले नाहीत.
मला वाटलं, बुद्धी काढायचीच झाली
तर ह्याहून बरी कशी काढणार?

बैल त्यानं सगळ्यात शेवटी घेतला.
देवणीचा, काळा-पांढरा, कान लोंबते,
शिंगांना हिंगूळ,
आणि नाकात वेसण.
मी विचारलं, स्वर्गात वेसण कशाला?
"सिस्टर, वेसण नाही तर लोक
गवा समजतील ना त्याला."
वेसणीला कासरा आलाच ओघानं,
चाकांवरून, डोळ्यांवरून
खाली थेट फरशीपर्यंत सोडलेला.

पाळकसाहेब त्यावर प्रवचन करणार होते.
दोन रविवार कागद घेऊन उभे राहिले,
मग दुसराच उतारा घेतला.
कारण कासऱ्याचं दुसरं टोक
कुणाच्या हातात नाही.
ते नुसतं पडलंय, वेदीच्या पायरीशी,
गोणीच्या सुतळीसारखं, जरा उसवलेलं.

शब्बाथ शाळेतली पोरं
जाता येता तिथं बोट लावतात.
तेवढाच रंग उडालाय,
मुठीएवढा.
लतीफ म्हणतो, परत मारून देतो, फुकट.
मी त्याला अजून बोलावलेलं नाही.