दोन बोटं

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
आमच्या भिंतीवरचा समुद्र
उन्हानं विटून ताकासारखा झालाय.
लंडनहून मेल आली की
मी लाल पेन्सिलीनं धोक्याची हद्द सरकवते.
मागच्या मंगळवारी सामुद्रधुनीच्या तोंडापर्यंत होती,
आज त्याच्याही अलीकडे.

हद्दीच्या आत दुप्पट पगार.
फॉर्मवर सही करायची, नाहीतर उतरायचं आधीच्या बंदरात.
मुबीन परकारनं सही केली,
एवढंच विचारलं,
‘दुप्पट म्हणजे जेवणाचे कापून का?’

दुपारी त्याच्या आईचा फोन येतो, माझगावहून.
कोण कुणाशी हात मिळवून हसलं,
कोण बैठकीतून उठून गेलं,
ते टीव्हीवर चालूच असतं तिच्या मागे, मोठ्यानं.
तिला ते नको असतं.
‘ते सगळं बोटीपासून किती लांब, गं?’

खोटं बोलायचं ठरलेलं असतं माझं.
पण हात आधीच नकाशावर गेलेला,
आणि तोंडातून निघून जातं:
दोन बोटं.

पलीकडे टीव्ही बंद होतो.
मी घाईनं प्रमाण सांगू लागते,
एका सेंटिमीटरला इतके मैल, खालच्या कोपऱ्यात छापलंय, चाची...

‘दोन बोटं,’ ती म्हणते.
‘म्हणजे तांदळावर मी पाणी ठेवते,
तेवढं.’