आयत्या वेळचे विषय

सभा साडेचारची. पाच वाजले तरी आम्ही अकरा.
गणपूर्तीला चौदा लागतात,
म्हणून नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब
आणि नियमाप्रमाणेच त्याच खोलीत, त्याच अकरांनी
पुन्हा भरवलेली.
मडगाव, स्टेशन रोड, शिंप्याच्या वरची खोली:
राष्ट्रीयत्व व स्थलांतर वकील संघ.
खालच्या मशीनची थरथर
टेबलावरल्या ग्लासांत दिसते.

मी सहचिटणीस. इतिवृत्त इंग्रजीत लिहिते;
हे मराठीत, वहीच्या मागल्या पानावर,
जिथे अध्यक्षांची सही लागत नाही.

विषय एक, दुखवटा.
अ‍ॅडव्होकेट तेओदोर कुलासो, सभासद क्रमांक तीन.
दोन मिनिटांची शांतता एका मिनिटातच संपली,
बार्बोझांना लिस्बनहून फोन आला.
त्यांनी तो घेतला. आम्हीही घेतला असता.

विषय दोन, झेरॉक्सवाले.
दुकानावर ‘कन्सल्टंट’ अशी पाटी लावतात,
मेलेल्याचाही जन्म स्वस्तात नोंदवून देतो म्हणतात.
आपण किती घेतो, ते कुणी काढलं नाही.
निषेधाचा ठराव. सूचक लोटलीकर, अनुमोदक मी.

विषय तीन, दरवर्षीचाच: अक्षरं.
पोर्तुगीज कारकुनाने शला एक्स लावला,
केशवच्या कला क्यू.
एकसष्टनंतरच्या मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर
ते सगळं सरळ करून टाकलं.
तेव्हापासून एका बाईच्या दोन बायका झाल्या,
आणि त्या दोघी एकच आहेत
असं शपथेवर लिहून देणं हा आमचा धंदा.
मी आजवर सातशे बारा माणसं
अशी स्वतःशी जोडून दिली.
माझ्या आईचं नाव शांता. एक्सची.
तिने फाइल उघडू दिली नाही.
हाक मारायला स्पेलिंग लागत नाही, म्हणाली,
आणि भेंडी चिरत राहिली.

मग जिना वाजला.
चांदरची पिएदाद कार्दोझ. हातात पिशवी,
पिशवीत पिशवी, तिच्यात कागद.
‘कुलास बाब हांगा आसा?’
कुणीतरी सांगितलं, ते वारले.
तिने क्रूस केला आणि न विचारता बसली.

मुलाला जाता यावं म्हणून
कुलास बाबांनी आधी माझा जन्म तिकडे लावला, म्हणाली.
तो गेला. स्विंडनला, गोदामात, रात्रपाळी.
दोन नाताळ झाले.
मी कुठेच गेले नाही,
बोरीच्या पुलापलीकडे सुद्धा कामाशिवाय नाही.
पण आता मतदारयादीवाला दारात येऊन म्हणतो...
तिने कागद उलटा केला, सुलटा केला.
‘हांव आतां खंयची?’

अकरा वकील.
लोटलीकर चष्मा पुसू लागले.
बार्बोझ म्हणाले, याबाबत दोन मतं आहेत.
कुणी कलम सांगितलं, कुणी त्यातली दुरुस्ती,
कुणी म्हणालं थांबा, निकाल यायचाय,
आणि ती ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे तोंड फिरवत राहिली,
मीस सुरू झाल्यावर देवळात शिरून
बाकावर जागा शोधणाऱ्या माणसासारखी.

पॅटीस चौदा मागवले होते. तीन उरलेले.
मी तिला एक दिलं, चहा दिला.
तिने पॅटीस पिशवीतल्या पिशवीत ठेवलं.
कोंबड्या कोंडायच्या आहेत, म्हणाली, साडेसहाची बस आहे.
कागद मात्र टेबलावरच ठेवला.
‘तुम्ही इतके जण आहात.’

अध्यक्ष म्हणाले, ती सभासद नाही,
कार्यक्रमपत्रिकेतही नाही, लिहू नका.
मी लिहिलं: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने
आयत्या वेळी आलेले विषय.
पुढे तिचं नाव, आणि तिथे अडले.
जन्मदाखल्यात पिएदादच्या शेवटी ई आहे,
रेशनकार्डावर नाही.
दोन्ही लिहिली. मध्ये तिरपी रेघ.

खाली शिंप्याने मशीन बंद केलं.
कुणीतरी पंखाही घालवला.
आभार मानायचे राहिले.