पाय दाखवा

मोहाच्या झाडाखाली, तिसऱ्या दगडावर
नेटवर्कच्या दोन काड्या येतात.
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
बकऱ्यांमागे फिरणाऱ्या तेट्यानं दाखवलं,
त्याचा मामा तिथूनच गुजरातेत फोन लावतो.

मंगळवारी अकराला नंदुरबारच्या डॉक्टर मॅडम
माझ्या हातातल्या टॅबमध्ये येऊन बसतात.
आज गिंबा पावरा आलाय,
दोन डोंगर उतरून, एक चढून,
सोबत रायली, तिच्या डोक्यावर मडकं,
मडक्यात ओली वाळू, वाळूत इन्सुलिन.
घरी ते बंटीच्या बियाण्याशेजारी असतं.

पट्टीवर थेंब.
तीनशे बारा.

मॅडम विचारतात, गोड किती खाता?
मी पावरीत विचारते.
गिंबा हसतो.
बावीस हंगाम बारडोलीकडे ऊस तोडला,
चोखली असतील चार कांडकी,
म्हणतो, मुकादम एवढं व्याज लावत नव्हता.
मी मराठीत सांगते : गोड खात नाहीत.
उरलेलं माझ्याकडेच राहतं.

रोज अर्धा तास चालायला सांगा.
हे मी सांगत नाही.
नुसती त्याच्या घोट्यांवरच्या
लाल धुळीकडे बघते.

बरं, पाय दाखवा.
मी टॅब खाली नेते, पार दगडापाशी.
अंगठ्याखाली भेग,
भेगेत खडा.
कधीचा?
गिंबा वाकून बघतो, जसा दुसऱ्याचाच पाय.
दुखत नाही, म्हणतो,
छाती जरा पुढे काढून.
मी शब्दाला शब्द लावून सांगते, दुखत नाही,
आणि मॅडमचा चेहरा तिथेच थांबतो.
मला वाटलं, नेटवर्क गेलं.
नेटवर्क होतं.

आजच धडगावला आणा. आजच.
आवाज तुटत तुटत आला
पण 'आजच' दोनदा आलं.
जीप तीनला खाली रस्त्यावर.
रायली मडकं उचलते.
गिंबा उठत नाही.
म्हणतो, तिनं माझा पाय पाहिला,
तिला सांग, तुझा दाखव.

मी सांगू की नको?
एवढं गाळलं आज, हे एक सांगितलं.
मॅडम आधी गप्प.
मग टेबल सरकलं, फाइली, पंख्याचं पातं,
आणि अंधारात एक पाऊल,
चप्पल काढलेलं,
टाचेला चिकटपट्टी.

गिंबा बराच वेळ निरखत राहिला.
हिला दुखतं का विचार, म्हणाला.
तेवढ्यात काड्या गेल्या, दोन्ही.